तार पंचायतीपर्यंत आली, पाड्याचं काय?



दिल्लीच्या हिशोबात देशातल्या दोन लाखांपेक्षा जास्त ग्रामपंचायती इंटरनेटच्या तारेने जोडून झाल्या आहेत. पंचायतीच्या भिंतीवर लावलेली पेटी तुम्हीही बघितली असेल. काही ठिकाणी तिच्यातला दिवा लागतो, काही ठिकाणी पेटीवर धूळ बसली आहे. पण दिवा लागला तरी आपल्याला त्याचा काय उपयोग? पंचायत एका जागी, आपण बारा पाड्यांत विखुरलेलो. मधे नाला, मधे डोंगर. सरकारच्या वहीत आपण जोडलेलो आहोत, आणि एक फोन लावायला टेकडीवर चढणारेही आपणच आहोत. नर्मदा काठच्या पाड्यांत तर फोनला गुजरातचं नेटवर्क लागतं.

यावर आमचं म्हणणं सरळ आहे. नेटवर्क ही आता हौसेची गोष्ट राहिली नाही. रेशन, मजुरी, पेन्शन, पोरांची शिष्यवृत्ती हे सगळं सरकारनेच त्यात नेऊन बांधलं आहे. म्हणून नेटवर्क आपण मागायचं. पण हात पसरून नाही. जसा वनहक्काचा दावा केला तसा दावा करायचा, ग्रामसभेच्या ठरावाने. आणि ते येत नाही तोवर 'नेट नाही' या कारणावर कोणाचा दाणा, कोणाची मजुरी अडू द्यायची नाही.

आधी जमीन की आधी नेट?

बैठकीत जुनी माणसं विचारतात, आपली लढाई जमिनीची आहे, मग हे नेटचं खूळ कशाला? अजून किती दाव्यांची मोजणी बाकी आहे, किती पाड्यांना रस्ता नाही, उन्हाळ्यात बाया झऱ्यावर रात्र काढतात. पोरांना फोन पाहिजे म्हणून संघटनेने त्यामागे लागायचं का?

हा सवाल खरा आहे आणि आम्ही तरुण पोरं-पोरी तो टाळणार नाही. फोनमुळे नुकसान होतंय तेही दिसतं. जुगाराचे खेळ आले, ओटीपी विचारून खातं रिकामं करणारे आले, पाच मिनिटांत कर्ज देतो म्हणणारे आले. पण सरकारने आपल्याला विचारून हे सुरू केलं नाही. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा ग्रामसभेला विचारलं होतं का? १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामावरची हजेरी मोबाईलवर घेणं सक्तीचं झालं. दिवसातून दोन वेळा कामावरच्या मजुरांचा फोटो, जागेच्या खुणेसह. डोंगरात दगडी बांध घालणाऱ्या बाईने दिवसभर दगड उचलले, पण फोटो चढला नाही तर ती कामावर नव्हतीच, असा अर्थ निघतो. म्हणजे जमिनीचा हक्क आणि नेटचा हक्क हे दोन वेगळे रस्ते राहिले नाहीत. एकाच्या दारात दुसऱ्याने कुलूप लावलं आहे.

आणखी एक आठवण करून देतो. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की ज्यांचे वनहक्क दावे नामंजूर झाले त्यांना जमिनीवरून काढा. २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मधले पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत शहरातल्या माणसाला आदेश काय, त्याचा अर्थ काय, पुढची तारीख कोणती, हे बसल्या जागी कळत होतं. ज्याची जमीन जाणार होती त्याला मात्र कार्यकर्ता पायी येईल तेव्हाच कळणार. हे पत्रक आपण सायक्लोस्टाइल करतो आणि पाड्यापाड्यात पायी देतो, ते चालूच राहील. नेट आलं म्हणून पाय थांबवायचे नाहीत. पण आपल्या जमिनीची बातमी आपल्याला सगळ्यात शेवटी कळावी, हे बरोबर नाही.

बाजाराचंही तसंच. मोलगीच्या बाजारात आमचूर घेऊन आपण उभे राहतो. भाव कोण सांगतं? व्यापारी सांगतो. पुढच्या मंडीत काय भाव चालू आहे हे त्याच्या फोनमध्ये आहे, आपल्या फोनमध्ये नाही. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेल्या माणसाने मुकादमाकडून किती उचल घेतली, किती फिटली, हे घरच्या बाईला होळीला तो परत आल्यावरच कळतं. कोपीत पोरगं आजारी पडलं तर घरी सांगायला रस्ता नाही. ह्या काही चैनीच्या गोष्टी नाहीत.

कंपनी डोंगर का चढत नाही

कंपनी येत नाही म्हणून तिला नुसत्या शिव्या देऊन चालणार नाही. तिचं गणित समजून घ्यायला पाहिजे.

धरून चाला की एका पाड्यात ६० घरं आहेत. प्रत्येक घरात एक फोन, एका वेळचं २०० रुपयांचं रिचार्ज. आपला महिना चंद्रावर चालतो, सरकारचा तीस-एकतीस दिवसांचा, आणि कंपनीचा महिना २८ दिवसांचा! म्हणून वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज होतात. यावर इतकी ओरड झाली की २०२२ मध्ये दूरसंचार नियामकाला सांगावं लागलं की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी रिचार्ज पूर्ण ३० दिवसांचं ठेवावं. तरी दुकानात आपल्याला बहुतेक २८ दिवसांचंच मिळतं. तर ६० घरं, २०० रुपये, १३ वेळा. झाले १ लाख ५६ हजार रुपये. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला तर कंपनीच्या हातात वर्षाला साधारण १ लाख ३२ हजार पडतात.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांसाठी एक योजना मंजूर केली. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे, आणि आपला नंदुरबार हाही आकांक्षित जिल्हा आहे. जिथे मोबाईल पोचत नाही अशा ७,२८७ गावांना फोर-जी देण्यासाठी ६,४६६ कोटी रुपये, त्यात पाच वर्षं चालवण्याचा खर्च धरलेला. भागाकार करून बघा. एका गावामागे सुमारे ८९ लाख. वर्षाला पावणेअठरा लाखाच्या आसपास. एवढं का लागतं? टॉवरचं सामान डोंगरावर चढवायचं, वीज नाही तिथे बॅटरी, सोलर किंवा डिझेल, मागून तार नाहीतर दुसऱ्या टॉवरचा सिग्नल आणायचा, बिघडलं तर माणूस पाठवायचा.

एक पाडा देतो १ लाख ३२ हजार. दहा पाडे मिळून झाले १३ लाख. तरी पावणेअठरा होत नाहीत. आणि डोंगरात एका टॉवरला दहा पाडे दिसतच नाहीत, मधे धार आली की पलीकडचा पाडा अंधारात. म्हणून नफ्यावर चालणारी कंपनी स्वतःहून इथे येणार नाही. शहरात एका टॉवरखाली हजारो फोन, तिथे ती एकमेकांच्या शेजारी टॉवर उभे करते.

मग काय, आपण महाग पडतो म्हणून सोडून द्यायचं? एसटीची मुक्कामी गाडी बघा. रात्री शेवटच्या गावाला येताना गाडीत चार माणसं असतात. तिकिटातून डिझेलसुद्धा सुटत नाही. तरी गाडी येते, कारण भरलेल्या मार्गावरचं उत्पन्न आणि सरकारचा पैसा मिळून ती चालते. गाडी आपल्यासाठी परवडत नाही, पण राज्यासाठी परवडते, कारण त्या गाडीतून पोरं शाळेत जातात आणि बाळंतीण दवाखान्यात पोचते. नेटवर्कलाही हेच गणित लावायला पाहिजे.

आणि तारेच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. खरा खर्च खोदाईचा, खांबाचा, पहिल्यांदा तार आणण्याचा असतो. तार एकदा आली की पन्नासाव्या घराला जोडणी द्यायला थोडाच पैसा लागतो. म्हणून तार पंचायतीपर्यंत आणून तिथेच सोडून देणं म्हणजे नांगरणी केली, पेरणी केली, आणि कापणीच्या आधी शेत सोडून दिलं.

हा पैसा कोणाचा?

सरकारचा माणूस असं बोलतो की जणू त्याच्या खिशातून देतोय. तसं नाही. २००२ पासून टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला एक हिस्सा वेगळ्या निधीत जातो. त्याचं नाव होतं सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ते बदलून 'डिजिटल भारत निधी' झालं. कंपनीच्या हिशोबी उत्पन्नातले दर १०० रुपयांना ५ रुपये त्यात भरायचे. कशासाठी? मुख्यतः जिथे कंपनीला परवडत नाही अशा खेड्यांत, दुर्गम भागांत सेवा पोचावी यासाठी. निधीचा मूळ हेतू हाच.

वरचा पाड्याचा हिशोब परत घ्या. १ लाख ३२ हजाराचे ५ टक्के म्हणजे साधारण ६,६०० रुपये. टेकडीवर चढून फोन लावणाऱ्या ६० घरांच्या रिचार्जमधूनसुद्धा वर्षाला एवढा पैसा त्या निधीत पडतो. मुंबई-पुण्याच्या फोनमधून तर किती पडत असेल! आणि हा निधी अनेक वर्षं असा राहिला की जमा जास्त आणि खर्च कमी. म्हणजे आपल्या नावाने पैसा गोळा होतो आणि आपल्यापर्यंत यायला वर्षं लागतात. कुंपण शेताच्या नावाने बांधायचं आणि दाणा दुसरीकडे, असं होऊ द्यायचं नाही. जो पैसा दुर्गम भागाच्या नावाने गोळा झाला, तो दुर्गम भागाचा हक्क आहे.

सरकार पंचायत मोजतं, पाडा मोजत नाही

तारेची योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली. अडीच लाख पंचायती दोन वर्षांत जोडू असं तेव्हाचं बोलणं. पहिल्या एक लाख पंचायती व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. मधे २०१५ मध्ये नाव बदलून 'भारतनेट' झालं. सरकारं बदलली, तारखा पुढे गेल्या. पण तारखेपेक्षा मोठी अडचण दुसरी आहे: मोजायचं काय?

योजनेत मोजली गेली ती पंचायत. मैदानातल्या गावात पंचायतीची इमारत आणि घरं एकाच ठिकाणी असतात, तिथे पंचायत जोडली म्हणजे गाव जोडलं असं थोडंफार म्हणता येतं. आपल्याकडे एका पंचायतीत अनेक पाडे, आणि पाड्यापाड्यात चालण्याचं अंतर. पंचायत जोडली म्हणजे इथे एक इमारत जोडली, माणसं नाही. रस्त्याचं असंच झालं, विजेचंही असंच झालं. गावाला वीज आली असं कागदावर चढायचं आणि पाड्यात कंदील असायचा.

दुसरी गोष्ट देखभाल. खोदाईचं टेंडर निघतं, उद्घाटनाचा नारळ फुटतो, त्याचा फोटो येतो. पावसाळ्यात दरड पडून तार तुटली, तर जोडायला कोण येणार याचं टेंडर फोटोत येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटची सुधारित योजना मंजूर केली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, दहा वर्षांची देखभाल त्यात धरली आहे. म्हणजे पेटीतला दिवा विझला तर 'निधी नाही' हे उत्तर आता चालणार नाही. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे.

'मागणी असेल तर'

पंचायतीचं ठिकाण सोडून जी बाकीची गावं आहेत, देशात सुमारे ३ लाख ८० हजार, त्यांनाही तार देणार असं या योजनेत आहे. पण कसं? मागणी असेल तर. हे तीन शब्द साथींनी ध्यानात ठेवावेत.

'मागणी असेल तर' म्हणजे काय ते आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? रोजगार हमीत नमुना ४ भरून काम मागितलं नाही तर कचेरी लिहिते, 'या गावात कामाची मागणी नाही'. माणसं गुजरातच्या गाडीत बसलेली असतात आणि कागदावर गावात कोणाला काम नको असतं. वनहक्काचं तसंच. २००८ पासून ज्या गावांनी दावे भरले, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, हद्दी लिहिल्या, त्यांच्या हातात आज काहीतरी कागद आहे. ज्यांना कोणी सांगितलंच नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या कसत असून वहीत नाहीत. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, ही तर कचेरी आहे.

इथे मागणी कोणी करायची? एखाद्या पोराने फोनवरून अर्ज केला तर तो एका गिऱ्हाईकाचा अर्ज होतो. मग कंपनीचं गणित परत पुढे येतं, गिऱ्हाईक किती, पैसा किती. ग्रामसभेने ठराव केला तर ती गावाची मागणी होते. आणि आपला कायदा इथे आपल्या बाजूने आहे. पेसाचे महाराष्ट्राचे नियम मार्च २०१४ मध्ये आले. त्याप्रमाणे पाडाही स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. ज्या पाड्यांनी ते केलं त्यांनी स्वतःच्या नावाने मागावं. ज्यांनी केलं नाही त्यांनी आता तरी करावं. सरकार पंचायत मोजतं ना? मग आपण त्याच्या वहीत पाडे गाव म्हणून चढवू.

मागणी करताना नुसतं 'टॉवर द्या' असंही लिहू नका. टॉवरशिवाय दुसऱ्या रीती आहेत. आपल्याच राज्यात, पालघर जिल्ह्यातल्या २५ गावांत आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' या कामातून हवेतल्या लहरींनी जवळच्या तारेपासून गावापर्यंत नेट पोचवून दाखवलं आहे. सगळीकडे खोदायला लागलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने 'पीएम-वाणी' मंजूर केलं. त्यात गावातला किराणावाला किंवा बचत गट लायसन्स न काढता आपल्या जागेतून वायफाय देऊ शकतो, पाच-दहा रुपयांची कुपनं विकू शकतो. पंचायतीतली तार जिवंत असेल तर शाळेत, अंगणवाडीत, बचत गटाच्या घरात असं एक ठिकाण होऊ शकतं. ज्या बाईच्या हातात फोनच येत नाही, कारण घरातला एक फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तिला बचत गटाच्या जागेतलं असं ठिकाण टॉवरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

टॉवर आणि जमीन

आता संघटनेच्या मूळ मुद्द्याला येतो. आपल्याकडे कशाचीही मागणी केली की उत्तर येतं, 'जंगलाचा कायदा आडवा येतो, वन विभागाची परवानगी नाही'. रस्त्याला हेच, विजेला हेच, आता टॉवरलाही हेच.

त्यावर उत्तर आपल्याच कायद्यात आहे. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची लाइन, रस्ता अशा १३ सोयींची यादी तिथे आहे आणि त्यात वीज व दूरसंचाराच्या लाइनी स्पष्ट लिहिल्या आहेत. अटी अशा: प्रत्येक कामाला वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, सोय सरकारने चालवलेली पाहिजे, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे जंगलाच्या कायद्याचं नाव सांगून तार अडवता येत नाही, आणि ग्रामसभेला टाळून तार नेताही येत नाही. दोन्ही बाजूंनी किल्ली ग्रामसभेच्या हातात आहे.

म्हणून शिफारस डोळे मिटून द्यायची नाही. कोणी कागद घेऊन आला, घाईने सह्या मागितल्या, 'नाहीतर टॉवर शेजारच्या गावाला जाईल' म्हणाला, तर सही करू नका. कोरम बघा, निम्मी माणसं पाहिजेत, आणि बसलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. कोणाच्या कसत्या प्लॉटमधून लाइन जाते, देवाच्या जागेतून जाते का, झाडं किती आणि कोणती, हे जागेवर जाऊन बघा. महू आणि आंब्याचं झाड जाणार असेल तर लाइन वळवायला सांगा, तार वळते, महू परत उगवायला पिढी लागते. खासगी कंपनी स्वतःच्या नफ्यासाठी जागा मागत असेल तर ती ३(२) मधली सरकारी सोय नाही, तिला तो जवळचा रस्ता नाही. आणि ज्याचा दावा अजून प्रलंबित आहे त्याच्या जमिनीवर खांब उभा राहिला तर उद्या 'इथे तुमचा ताबा कुठे होता?' असं विचारतील. ठरावात लिहून घ्या की लाइनीमुळे कोणाच्या दाव्याला बाध येणार नाही.

तोवर काय?

तार यायला, टॉवर लागायला वेळ जाणार. तोवर आपले हक्क नेटवर टांगून ठेवायचे नाहीत.

रेशनचं स्पष्ट आहे. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना लिहून कळवलं की नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणाला धान्य नाकारायचं नाही. कार्ड बघून, वहीत नोंद करून धान्य द्यायचं. दुकानदार 'सर्व्हर डाउन, उद्या या' म्हणाला तर हे सांगा. दोन डोंगर उतरून आलेल्या माणसाला उद्या या म्हणणं म्हणजे एक दिवसाची मजुरी कापणं.

मजुरीचंही तसंच. जिथे फोटो चढत नाही तिथे कागदावरची हजेरी धरली पाहिजे, हे संघटनेने प्रत्येक तालुक्यात लावून धरायचं. काम केलं ते दगड-मातीत दिसतं, बांध मोजून घ्या. फोन हा आमच्या घामाचा साक्षीदार होऊ शकतो, मालक होऊ शकत नाही.

कोर्टाचंही थोडं सांगतो. केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या खटल्यात म्हटलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिथल्या सरकारने स्वतःची तार टाकली, जून २०२३ मध्ये ती सुरू केली, आणि गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचं धोरण ठेवलं. एक राज्य ठरवू शकतं तर दुसरं का नाही? २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यास फोनवर आला, आणि आपली पोरं गुरांमागे गेली. त्यातली किती परत शाळेत बसली, हे प्रत्येक पाड्याने आपल्या घरांत मोजावं.

ग्रामसभेने करायचं काम

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. ठरावात एवढं तरी यावं:

१. गावात पाडे किती, प्रत्येकात घरं किती, फोन कुठे लागतो, कुठे नाही, पंचायतीपासून चालत किती वेळ लागतो. हे आपण स्वतः मोजून लिहायचं. दाव्याच्या वेळी हद्दी लिहिल्या तसंच.

२. भारतनेटमधून पाड्यांना जोडणीची मागणी. 'पंचायत जोडलेली आहे' हे उत्तर मान्य नाही, असं स्पष्ट लिहायचं.

३. पंचायतीतली पेटी चालू आहे का, कधीपासून बंद, दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, फोन कोणाला करायचा, याचं लेखी उत्तर मागायचं आणि ते पंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगायचं.

४. लाइन वनजमिनीतून जाणार असेल तर कलम ३(२) खाली आपल्या अटींसह शिफारस.

५. वायफायचं पहिलं ठिकाण शाळेत किंवा बचत गटाच्या जागेत, चालवणारी व्यक्ती गावातलीच, शक्यतो एक शिकलेली मुलगी.

६. नेटवर्क येईपर्यंत रेशन, रोजगार हमी, पेन्शन कागदाच्या नोंदीवर चालू ठेवायची मागणी.

ठरावाची एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला, एक कलेक्टरला, आणि दोन्हीकडून पोच घ्यायची. पोच नसेल तर ठराव दिला असं कोणी मानणार नाही, हे वनहक्कात आपण शिकलो आहोत. एक प्रत संघटनेकडे द्या. चाळीस-पन्नास पाड्यांचे ठराव एकत्र झाले तर तालुक्याला मोर्चा नेऊ, आणि मग 'या भागात मागणी नाही' असं लिहिण्याची कोणाची हिंमत होणार नाही.

जंगल आपण राखलं, जमीन आपण कसली, तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं. पंचायतीपर्यंत आलेली ही तार पाड्यापर्यंत आपोआप येणार नाही. ओढून आणावी लागेल, आणि ओढायला हात ग्रामसभेचेच लागतील.

ग्रामसभा जिंदाबाद! जल, जंगल, जमीन आमची!